पांडवलेणीतली ठेव आणि अंजनेरीची नाणी

पुण्याची भाची जावयांना घेऊन आली की प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, पंचवटी झाली, त्र्यंबक झालं, आता काय दाखवतेस?" बाकीचे नाशिककर धरण, द्राक्षं आणि मिसळ सांगतात. मी त्यांना अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात पिटाळते, तेही आधी पांडवलेणी चढवून. सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. पैसा दिसला की पाय थांबतोच, मग तो दोन हजार वर्षांपूर्वीचा का असेना.

पांडवलेणी हे काही संग्रहालय नव्हे, मान्य. पण इथल्या भिंती बघून गेलात तर अंजनेरीत काचेपलीकडचा चांदीचा तुकडा नुसता तुकडा राहत नाही. फाळके स्मारकाच्या बाजूने दोनशेच्या आसपास पायऱ्या चढा आणि थेट दहा नंबरचं लेणं गाठा. क्षत्रप पदवीचा राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्खूंना दिलं आणि त्यांच्या खर्चाची तजवीज ओसरीतल्या भिंतीवर ब्राह्मीत कोरून ठेवली. जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

ब्राह्मी मला वाचता येत नाही, मजकूर घरून वाचून गेले होते. तिथे उभ्या उभ्या आकडेमोड केली. २,००० वर महिन्याला २०, वर्षाचे २४०, वीस जणांत वाटले की बरोबर १२. एक पै इकडची तिकडे नाही! याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा भावही दिलाय: ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण. भागाकार करून बघा, तोही जुळतो. जावई खांबांचे फोटो काढत होते. मी मात्र संध्याकाळी कॅश जुळल्यावर व्हायची तशी खूश.

मग तीन नंबरचं लेणं. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हणते, म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. हे क्षहरात कोण? नहपानाचंच घराणं. तिथेच गौतमीपुत्राची आज्ञाही आहे: आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आता भिक्खूंना द्यावं. दहा नंबरच्या लेण्यात जावईबापूंचा दानधर्म आणि थोड्या पावलांवर त्यांच्या राज्याचा निकाल.

यानंतर अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी भारतीय मुद्रा संशोधन संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली. तिचं हे संग्रहालय. अस्सल नाणी, प्रतिकृती, छायाचित्रं. नाणं म्हणजे काय इथपासून सुरुवात. मुलांना घाई करू नका आणि स्वतःही करू नका. नहपान आणि सातवाहनांपाशी तर थांबाच. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाण्यांचा. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नहपानाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं आणि त्यावरच ठोकलेली तीन कमानींची टेकडी. काही नाण्यांत खालचं नाक-डोळा अजून ओळखू येतो. २०१६ च्या नोटाबंदीत काउंटरवर बसलेल्या माझ्यासारखीला हा उपाय फारच सोपा वाटला: जुनं चलन परत घेत बसण्यापेक्षा त्यावरच नवा शिक्का!

आणि हे सगळं ज्या गावाच्या आसपास आहे, त्याच गावात १९२८ पासून नोटा छापतात. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना अर्थात आत जाऊन बघता येत नाही. जावयांनी विचारून पाहिलंच, "तुमची ओळख नाही का कुणाशी?" नोटा मोजणं वेगळं, छापणं वेगळं, असं सांगून गप्प केलं.

सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय वेगळ्या जातीचं. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि स्फटिक धरले. स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, सुयांच्या जुडीसारखा स्कोलेसाइट. विहिरीच्या खोदाईत निघालेल्या गारगोट्या लहानपणी आम्ही ठिणग्या पाडायला घासायचो. तिथले नमुने बघून जरा लाज वाटली. पुणे रस्त्याला आहे, म्हणजे अंजनेरीच्या अगदी उलट दिशेला. दोन्ही एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका.

गावातच राहणार असाल तर पेशवेकाळातला सरकारवाडा बघा. जवळच १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय, त्याचंही स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे. दोन्ही पायी होतात. मात्र सराफ बाजाराच्या गल्ल्यांत चारचाकी घालू नका. रविवार कारंजापर्यंत रिक्षाने या आणि तिथून चालत सुटा. वाट कुठलाही दुकानदार सांगेल.