६५ इंची ओएलईडीचा भाव: कुठे धरायचा, कुठे सोडायचा

लक्ष्मी रोड असो की बाणेर, दीड-दोन लाखांचा टीव्ही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हल्ली भाव विचारत नाही. ऑनलाइनचा भाव मोबाइलवर उघडून समोर धरतं आणि "याच्यावर किती कमी करता?" म्हणतं. बहुतेक दुकानदार तिथल्या तिथे दोन हजार सोडतात. ते दोन हजार कोणत्या खिशातून जातात, हे आधी कागदावर मांडायला हवं.

एक ६५ इंची ओएलईडी टीव्ही घेऊ, म्हणजे ज्याच्या पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बिलातले घालून बघा. खरेदी १,३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे लँडिंग (माल दुकानात ज्या भावाला पडतो तो) १,६०,४८०. ऑनलाइनचा बाजारभाव १,६४,९९०. वरवर साडेचार हजार सुटलेले दिसतात. पण विक्रीतला जीएसटी बाजूला काढला की उरतात १,३९,८२२, म्हणजे खरा फरक ३,८२२. तिमाही स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे कंपनी मागाहून खात्यात जमा करते ती सूट, ३ टक्के धरली तर आणखी ४,०८०. एकूण जमा ७,९०२.

आता खर्च. 'नो कॉस्ट ईएमआय'चं व्याज कोणीतरी भरतच असतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. फायनान्स कंपनी दुकानदाराला पैसे देताना स्वतःचा वाटा कापते, त्याला डीबीडी म्हणतात. ३ टक्क्यांनी ४,९५० गेले. टेम्पो आणि दोन माणसं ८००, सेल्समनचा इन्सेंटिव्ह १,०००. माल ४५ दिवस गोदामात पडला तर वर्षाला १२ टक्क्यांनी २,३७४ व्याज. बेरीज ९,१२४. म्हणजे ऑनलाइनच्या भावाला टीव्ही विकून १,२२२ रुपयांचा तोटा, आणि तोही एक रुपया न सोडता.

तोच टीव्ही एनईएफटीने गेला तर डीबीडी वाचतं आणि ३,७२८ सुटतात. इथे दोन हजार सोडले तरी दोन हजार उरतात, कारण जीएसटी धरून सोडलेल्या दोन हजारांचा खरा भार १,६९५ चाच असतो. हप्त्यावाल्याला तेच दोन हजार सोडले तर तोटा २,८०० च्या वर जातो. म्हणून सूट बोलण्याआधी "पेमेंट कसं करणार?" हा प्रश्न झालाच पाहिजे. कोणत्या मॉडेलवर, किती महिन्यांच्या हप्त्यापर्यंत डीबीडी टीव्हीची कंपनी उचलते, याचा तक्ता महिन्याच्या १ तारखेला काउंटरवर हवा. १२ महिन्यांचं कंपनीकडे आणि १८ महिन्यांचं आपल्या गळ्यात, असं सर्रास होतं. आणि ७७ इंचीसारख्या महाग संचाला गिऱ्हाईक रोकड घेऊन आलं तरी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, अगदी दोन हप्त्यांत दिली तरी.

दुसरी चूक होते ती साइजमधलं अंतर ठरवताना. ५५ वरून ६५ वर गेलं की पडद्याचं क्षेत्रफळ ४० टक्के वाढतं, पण ओएलईडीचा भाव त्याहून जास्त उडी मारतो. कारण काचेत आहे. टीव्हीचे ओएलईडी पॅनेल ज्या ८.५ पिढीच्या काचेवर बनतात ती २,२०० बाय २,५०० मिलिमीटरची. तिच्यातून ५५ इंचाचे ६ पडदे निघतात, ६५ चे फक्त ३. एलसीडीची १०.५ पिढीची काच २,९४० बाय ३,३७० ची. तिच्यातून ६५ चे ८ किंवा ७५ चे ६ निघतात. म्हणून ७५ इंची मिनी-एलईडी (मागे बारीक दिवे लावलेला एलसीडीच) भावात ६५ इंची ओएलईडीच्या अगदी शेजारी येऊन बसतो. तुमच्या ओएलईडीची खरी स्पर्धा पलीकडच्या दुकानातल्या ओएलईडीशी कमी आणि या ७५ इंचीशी जास्त असते. दोन्ही शेजारी लावा, भावात फार अंतर ठेवू नका आणि गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये बसायच्या जागेपासून टीव्ही किती लांब असेल ते विचारा. दिवसा खिडकीतून ऊन येणाऱ्या हॉलला मिनी-एलईडी सुचवणं प्रामाणिकपणाचं आहे, आणि तो टीव्ही परतही येत नाही.

नव्या मॉडेलची घोषणा जानेवारीत लास व्हेगासला होते आणि माल इथे साधारण एप्रिल ते जूनमध्ये उतरतो. दिवाळीला उरलेला जुना माल गुढीपाडव्याच्या आत गेला नाही, तर एलजीचं नवं 'सी५' आल्यावर आदल्या वर्षीच्या 'सी४' चं जे होतं ते होतं: भाव पाडून काढावं लागतं.

भाव अचानक पडण्याचं ताजं उदाहरण म्हणजे २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी, नेमकी घटस्थापना असताना, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकं १० टक्के स्वस्ताई मागत आली. हिशेब मात्र १२८ चे ११८ होण्याचा, म्हणजे ७.८ टक्क्यांचा. हे आकडे काउंटरवर लिहून ठेवले की वाद मिटतो.

कंपनीने स्वतःहून भाव उतरवला तर गोदामातल्या मालाचा फरक मिळवायला सीरियल नंबर लागतात. भाव उतरला त्याच संध्याकाळी न विकलेल्या प्रत्येक संचाचा नंबर आणि खरेदी बिलाची तारीख मेलवर पाठवा. तोंडी "बघून घेऊ" वर विसंबू नका. मिळणारी क्रेडिट नोट जीएसटीसह आहे की नुसती व्यावसायिक (जीएसटी न धरलेली), हेही विचारा. १०,००० ने उतरलेल्या भावात तुमचं नुकसान ८,४७५ चं असतं. जीएसटीसह नोट आली तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) तेवढं परत करावं लागतं.

डिलिव्हरीचा भाव वेगळा ठेवा, फुकट घालू नका. सदाशिव पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ७७ इंची खोका दोघांनी नेता येत नाही, चौघं लागतात. जिन्याच्या वळणाची रुंदी ऑर्डर घेतानाच मोजून घ्या. खोका उभाच न्यायचा, आडवा झोपवला तर पातळ पॅनेलला चीर जाऊ शकते. कंपनीचा माणूस येईपर्यंत सील उघडू नका असं बिलावर छापा. पॅनेल बदलायचा खर्च संचाच्या निम्म्या किमतीच्या वर जातो, आणि सील आधीच फुटलेलं असेल तर तो कोणी भरायचा यावरून भांडण ठरलेलं.