निऱ्या, पिना आणि मियाके
भाचीच्या प्रोजेक्टसाठी आज जपानी फॅशन डिझायनर इस्सी मियाकेच्या ब्रँडचे व्हिडिओ लावले, १० मिनिटं बघू म्हटलं आणि अख्खी दुपार गेली. हे लोक कपडा आधी जवळपास तिप्पट मोठा शिवतात, मग कागदात सँडविच करून हीट प्रेसमधे प्लीट्स, म्हणजे बारीक निऱ्या पाडतात, आणि त्या धुतल्या तरी जात नाहीत!! १९९३ पासून चालूय हे, आणि मी अजून निऱ्यांना पिना लावतेय 😅 २०१० चं त्यांचं ‘१३२ ५.’ नावाचं कलेक्शन तर सरळ ओरिगामी, सपाट घडी उचलली की ड्रेस. पण मला खरा आवडला तो जपानचा मूळचा पारंपरिक पोशाख, किमोनोच, जेमतेम ३६-३८ सेंमी रुंद कापड, सगळे सरळ काप, वाया जवळजवळ काहीच नाही. आमच्या टेलरकडे चिंध्यांची पिशवी भरते हो. शेवटी भाची म्हणाली, मावशी, आता लॅपटॉप दे, लिहायचंय मला.