"वारंवार दीर्घ रजेवर"

सरकारी नोकरीत कोणी तोंडावर म्हणत नाही की तू बाई आहेस, बाळंतपणाला गेलीस म्हणून तुला मागे ठेवलं. तसं कोणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. इथे एक अक्षर बदलतं, एवढंच. माझं 'अ' चं 'ब' झालं आणि मला ते कळलं अडीच वर्षांनी.

मी राज्य शासनाच्या एका ऑफिसात क्लार्क, कराडला राहते. २०१८ मध्ये १८० दिवसांची प्रसूती रजा घेतली, रजा मंजूर करणारे साहेब आणि माझा सीआर (म्हणजे कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल, ज्यात 'अ', 'ब' अशी प्रत देतात) लिहिणारे साहेब एकच. रजेवर जाताना "आत्ताच जायचं होतं का तुम्हाला, मार्चएंड कोण करणार" असं हसत हसत म्हणाले होते, मीही हसले होते. (मार्चएंडच्या आधी, जानेवारीतच, मी परत हजर झाले होते बरं का.)

२०२१ ला प्रमोशनची यादी लागली, त्यात माझ्या खालच्या दोघांची नावं आणि माझं नाही. आस्थापनेच्या, म्हणजे नेमणुका-बढत्यांच्या फायली बघणाऱ्या टेबलावर विचारलं तर "डीपीसीने तुम्हाला अपात्र ठरवलंय मॅडम" एवढंच. डीपीसी म्हणजे प्रमोशन ठरवणारी खात्याची समिती. मग दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात माझेच सीआर मागितले. पाच वर्षांचे आले, चार 'अ' आणि मध्ये एक 'ब'. शेरा होता, "वारंवार दीर्घ रजेवर. कामात सातत्य नाही." माझी सही नाही, तारीख नाही, मला प्रत दिल्याची पोच नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या विशाखा समितीकडे जा. अगं पण ती समिती लैंगिक छळासाठी आहे, २०१३ चा कायदा तोच आहे, बाळंतपणामुळे प्रमोशन गेलं ते तिथे बसत नाही. दुसरे एक भाऊसाहेब म्हणाले गप्प बसा, पुढच्या यादीत होईल, साहेबांशी वाकडं कशाला.

मी गप्प बसले नाही, अर्ज केला. ऑक्टोबर २०२१ ला रीतसर अभिवेदन दिलं, म्हणजे खात्याकडेच लेखी दाद मागितली, आवक नंबर घेतला. उत्तर नाही. मग स्मरणपत्र एक, दोन, तीन, चार. प्रत्येक वेळी वाटायचं आपण लढतोय. पण खरं तर मी फक्त वेळ घालवत होते आणि ही चूक मी एकटी करत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपली दाद मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे. १९८५ च्या कायद्यात आधी खात्यातले मार्ग संपवा असं आहे, म्हणून अभिवेदन लागतं. पण खात्याने उत्तरच दिलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि ते सहा महिने संपल्यापासून एका वर्षात मॅटमध्ये जायचं. स्मरणपत्रांनी ते वर्ष लांबत नाही, सुप्रीम कोर्टाने हे कितीदा तरी सांगून झालंय. मला कोण सांगणार होतं? फेब्रुवारी २०२३ ला नात्यातल्या एकांच्या ओळखीने वकीलबाई भेटल्या, त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या "एप्रिल संपला असता तर विलंब माफीचा अर्ज करत बसलो असतो, नशीब समजा."

मी त्यांना बारा पानं लिहून नेली होती, साहेब काय बोलले, कोणी कसं हसलं, हिरकणी कक्षाला (बाळाला पाजायच्या खोलीला) कुलूप कसं असायचं, सगळं. त्यांनी अकरा पानं बाजूला ठेवली. मला रागच आला. मग सेवापुस्तकाची प्रत काढायला लावली आणि रजेच्या पानावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "दीर्घ रजा किती वेळा?" एकदाच. "मग 'वारंवार' कुठून आलं? आणि या एका रजेवर सही कुणाची?" त्याच साहेबांची. म्हणाल्या हा एक शब्द म्हणजे तुमची केस.

बाकी आधार त्यांनी भराभर सांगितले, त्यातले दोन मला पाठ झालेत. एक, २००८ चा देव दत्त निकाल. तो माणूस बॉर्डर रोड्सचा इंजिनियर, त्याला वाईट शेरा नव्हताच, 'गुड' होता, पण प्रमोशनला 'व्हेरी गुड' लागत होता आणि ते 'गुड' त्याला कळवलंच नव्हतं. कोर्ट म्हणालं प्रत्येक नोंद कळवायला हवी. दुसरा २०२१ चा, लेफ्टनंट कर्नल नितीशा यांचा, ज्यात कोर्टाने मान्य केलं की नियम वरून सगळ्यांना सारखा दिसला तरी बायकांना मागे ठेवू शकतो. अर्जात 'भेदभाव' हा शब्द एकदाच आला, राज्यघटनेच्या कलम १६ च्या शेजारी. मला तो पानापानावर हवा होता.

मग तारखा. रात्रीची महालक्ष्मी, सकाळी सीएसएमटी, वेटिंग रूममध्ये तोंड धुवून मंत्रालयाच्या बाजूला. कधी सरकारी बाजूने शपथपत्राला मुदत मागितली म्हणून पाच मिनिटांत काम संपायचं आणि मी दिवसभर आझाद मैदानासमोर वडापाव खात परतीच्या गाडीची वाट बघायची. पोरगी आईकडे. तारखेसाठीच्या प्रत्येक रजेचा अर्ज लिहिताना हात अडायचा, की यावरून परत "वारंवार" लिहितील.

२०२४ ला निकाल आला. 'ब' ची नोंद बाजूला ठेवा, डीपीसीने पुन्हा विचार करा. साहेबांबद्दल एक ओळ नाही, ते तोवर रिटायर झाले होते. प्रमोशन मिळालं. आता मागणी आहे मानीव दिनांकाची, म्हणजे ज्युनिअरला ज्या दिवशी मिळालं त्या दिवसापासून कागदावर मलाही. थकबाकी मिळणार नाही असं सगळे सांगतात, प्रत्यक्ष त्या पदावर काम केलेलं नाही म्हणून.

ती फाईल सध्या आस्थापनेत ज्यांच्याकडे आहे त्या मॅडम सातव्या महिन्यात आहेत. परवा त्या म्हणाल्या, "मी रजेवर जाते पुढच्या महिन्यात, चार्ज कुणाकडे जाईल माहिती नाही." आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? यांना आत्ताच जायचं होतं का.

जागेवर येऊन पाणी प्यायले. मग परत गेले आणि त्यांना म्हटलं, जायच्या आधी रजा मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स काढून घरी ठेवा, आणि या वर्षीचा सीआर लिहून झाला की प्रत मागा, पोच देऊन.

त्या म्हणाल्या, "आपले साहेब चांगले आहेत हो."