चाय आणि माय चाय

बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी आहे हे कळलं, तेव्हाच मी निम्मा निर्धास्त झालो. परदेश म्हणजे जिभेला गाठ पडेल अशी नावं, ही माझी समजूत. इथे तर उतरायचं सुवर्णभूमीवर, बघायचं अरुणाचं देऊळ आणि राजे सगळे राम : पहिला, दुसरा, तिसरा, असे आता दहाव्यापर्यंत आलेले. जळगावहून भुसावळला जाऊन यावं, इतकं हे सोपं वाटत होतं.

बायकोला म्हटलं, "अगं, अर्धं संस्कृतच आहे ते. दहावीला शहाऐंशी होते मला."

"सत्तावीस वर्षं झाली त्याला," ती म्हणाली आणि सॅकमध्ये ओव्याची डबी कोंबली.

खरं तर चौघांचं ठरलं होतं. पण एकाची रजा, दुसऱ्याची सासू आणि तिसऱ्याचा पासपोर्ट असं करत करत फेब्रुवारी २०२४ मध्ये विमानात मी एकटाच चढलो. बरोबर पन्नास लिटरची सॅक. राजगड-तोरणा केलेली, एका कुशीला ठिगळ असलेली. घरात तिला बिऱ्हाड म्हणतात.

विमानतळावर समुद्रमंथनाचा प्रचंड देखावा आहे. वासुकीचा दोर, एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला दानव. तो फोटोत पाहूनच ऊर भरून आला होता. त्याच भरल्या उराने मी गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंना फोन केला, "आय अ‍ॅम अ‍ॅट सुवर्णभूमी."

"व्हेअर?"

"सुवर्णभूमी."

"सॉरी, व्हेअर?"

मी ‘र्ण’वर जोर देऊन पाहिला, ‘भू’ दीर्घ करून पाहिला. बाईंना वाटलं मी भलत्याच देशात उतरलोय. शेवटी ‘एअरपोर्ट’ म्हटल्यावर उजेड पडला. "आऽऽ, सुवन्नफूम!"

थाई लोक संस्कृत शब्द लिहितात अगदी काटेकोर, आणि बोलताना त्याचं शेपूट गिळून टाकतात. भ-चा फ होतो, द-चा थ होतो. देव म्हणजे थेप, नगर म्हणजे नखॉन. शहराचं खरं नाव क्रुंग थेप महा नखॉन, आणि ही नुसती सुरुवात. पूर्ण नाव थाई लिपीत १६८ अक्षरांचं आहे. त्यात अमर आहे, नवरत्न आहे, राजधानी आहे, आणि शेवटी हे शहर इंद्राने दिलं नि विश्वकर्म्याने बांधलं अशी पावतीही जोडलेली आहे. लग्नपत्रिकेत आजोबा-पणजोबांपासून सगळ्यांची नावं घालतात ना, त्यातला प्रकार.

गेस्टहाऊस खाओ सान रस्त्याच्या मागे. खाओ सान म्हणजे सडून साफ केलेला, सडीचा तांदूळ. पूर्वी तिथे तांदळाचा बाजार होता. आता रात्रभर डीजे असतो. मालकीणबाईंनी पासपोर्ट पाहिला, "खुन प्रकात?" असं म्हणाल्या आणि हसू दाबायला लागल्या. खुन म्हटल्यावर मी जरा मागे सरकलो. नंतर कळलं, खुन म्हणजे श्रीयुत. मूळ आपला ‘गुण’. हसू मात्र माझ्या नावाचं होतं. प्रकाश हा शब्द त्यांच्याकडे शेपूट गिळून ‘प्रकात’ झालाय आणि त्याचा अर्थ झालाय जाहीर घोषणा. म्हणजे त्यांच्या दारात पाठीवर बिऱ्हाड घेऊन साक्षात श्रीयुत जाहीर सूचना उभे होते.

पावतीवर साल होतं २५६७. मी चूक दाखवायला तोंड उघडलं आणि मग आठवलं, आपल्या कॅलेंडरवरही तेव्हा शके १९४५ होतं. त्यांचं बुद्धाचं साल, इसवी सनाच्या पुढे ५४३. तोंड मिटलं. त्या आठ दिवसांत वेळेवर तोंड मिटल्याची ही एकमेव नोंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाफ पँट घालून राजवाडा बघायला निघालो. राजवाड्याच्या तटाशी एक नीटनेटका माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. म्हणाला, "इंडिया? नमस्ते! पॅलेस क्लोज. टुडे बुद्धा डे. ओपन वन ओ'क्लॉक."

आता, ‘बँकॉकमध्ये राजवाडा बंद आहे असं रस्त्यावर कोणी सांगितलं तर ऐकू नका’ हे मी निघण्यापूर्वी चार ठिकाणी वाचलं होतं. मग फसलो कसा? माझं पंचांगाचं ज्ञान आडवं आलं. थायलंडात माघ पौर्णिमेला माघपूजेचा मोठा सण असतो, हे मला ठाऊक होतं. पौर्णिमा चार दिवसांवर होती, पण मी मनाशी म्हटलं, यांचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, तिथीही पुढेमागे होत असेल. त्या बिचाऱ्याला फार थापा माराव्याच लागल्या नाहीत. उरलेल्या मीच पुरवल्या. वर "माघपूजा ना?" असं विचारून त्याला एक नवीन थाप शिकवूनही आलो.

त्याने वीस बाथमध्ये टुकटुक ठरवून दिली. वीस बाथ म्हणजे त्या वेळी पन्नास रुपयेसुद्धा नव्हते. एवढ्यात जळगावात रिक्षावाला मान वर करून बघत नाही, हा विचार तेव्हा यायला हवा होता. टुकटुकने एक लहानसं देऊळ दाखवलं आणि मग थेट एका शिंप्याच्या दुकानासमोर थांबली. आत एसी, थंड पाणी आणि अस्खलित हिंदी. "आओ जी, कहाँ से? महाराष्ट्र! अपना ही है!"

परक्या मुलखात ‘अपना ही है’ ऐकलं की माणसाचे गुडघे ढिले पडतात, आणि माझे तर उघडेच होते. पुढच्या क्षणी माझ्या खांद्यावर टेप होता. पाठीची सॅक काढायलाही कोणी सांगितलं नाही, तिच्यावरूनच माप घेतलं बहुतेक. छाती किती निघाली ते पाहून मला स्वतःविषयी आदर वाटला. चोवीस तासांत थ्री-पीस सूट, वर दोन शर्ट फुकट. मी जळगावचा, आमच्याकडे मे महिन्यात माणसं बनियनसुद्धा नाइलाजाने घालतात, हे त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, लाइटवेट आहे. शेवटी एक रेशमी टाय घेऊन सुटका झाली. तो टाय अजून घडीत आहे.

परत आलो तर राजवाडा उघडा. सकाळी साडेआठपासूनच उघडा होता. पाचशे बाथ खिशात तयार ठेवून पुढे झालो, तर पहारेकऱ्याने माझ्या गुडघ्यांकडे बोट केलं. आत पाय झाकलेले लागतात. समोरच शंभर बाथला हत्तींची चित्रं असलेल्या ढगळ विजारी टांगलेल्या होत्या. आत गेल्यावर दिसलं, निम्मं जग त्याच विजारीत फिरत होतं. जर्मन हत्ती, कोरियन हत्ती, आणि आता एक खानदेशी हत्ती.

आतल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय. तिथलं रामाकियन, १७८ चित्रांचं. इथे मात्र मी घरचा माणूस! शेजारी एक स्पॅनिश जोडपं गोंधळून उभं होतं. मी न विचारता गाइड झालो. हा राम, हा लक्ष्मण, हा दहा तोंडांचा थोत्सकान म्हणजे आपला दशकंठ. हा हनुमान. मोठा ब्रह्मचारी.

"अँड शी?" बाईंनी विचारलं.

चित्रात ब्रह्मचारी एका मत्स्यकन्येच्या अगदी जवळ होता. भक्तीच्या अंतरापेक्षा बऱ्याच जवळ. मी म्हटलं, "सिस्टर." नवऱ्याने फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचलं. ती सुवर्णमच्छा, रावणाची मुलगी, सेतू मोडायला आलेली. हनुमानाने तिला वश केलं आणि त्यांना मुलगाही झाला. आपल्याकडेही मकरध्वज आहेच, पण आपण ते घामाच्या एका थेंबावर भागवलंय. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. जोडपं मात्र त्यानंतर माझी प्रत्येक माहिती फोनवर तपासून घ्यायला लागलं. पुढच्या ओवरीत मी मागे राहिलो.

आता चहाचं. थाई भाषेत देवळाला वाट म्हणतात. शहरात अशा चारशेच्या वर वाटा आहेत, त्यामुळे वाट चुकली तरी माणूस कुठल्यातरी वाटेलाच लागतो. मला जायचं होतं वाट फोला. एका लांबच लांब पांढऱ्या भिंतीशी उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारलं, "वाट फो?"

ते म्हणाले, "चाय, चाय!"

मी म्हटलं, "नो, थँक्यू. वाट फो?"

"चाय! चाय!"

काय अगत्य! हात जोडून पुढे निघालो. फुलांच्या बाईला विचारलं, तीही चाय. शाळेच्या पोराला विचारलं, तोही चाय. दुपारचे तीन वाजलेले, म्हणजे वेळही चहाचीच. एकाला मुद्दाम नदीकडे बोट दाखवून विचारलं, तर तो मान हलवत म्हणाला, "माय चाय." बरोबर आहे, म्हटलं, त्याचा चहा, तो कशाला देईल! असं करत त्या पांढऱ्या भिंतीला मी दोन प्रदक्षिणा घातल्या. सॅकसकट. रात्री मालकीणबाईंनी समजावलं : चाय म्हणजे बरोबर, माय चाय म्हणजे नाही. भिंत वाट फोचीच होती. अख्खं गाव मला ‘हेच, हेच’ म्हणून सांगत होतं आणि मी चहा नाकारत चाललो होतो.

आतला बुद्ध पहुडलेला आहे, ४६ मीटर लांब. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ मंगलचिन्हं काढलेली. इतकं मोठं काही इतक्या निवांत पडलेलं मी पाहिलं नव्हतं. दोन प्रदक्षिणांनंतर मला त्याचा हेवा वाटला. भिंतीच्या कडेने १०८ काशाची भांडी ओळीने ठेवलेली असतात आणि वीस बाथला चिल्लर मिळते. प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. मी ओळीच्या शेवटी पोचलो तेव्हा मुठीत तीन नाणी उरली. मोजून देणारी बाई चुकली की मी तीन भांडी गाळली? परत मागे जावं तर रांग उलटी येत होती. ती तीन नाणी देवघरात ठेवली आहेत. कोणत्या तीन भांड्यांचं पुण्य बुडालं, ते अजून कळलेलं नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण जेवलो थोडकंच. शाकाहाराला थाईत ‘मंगसविरत’ म्हणतात, उघडउघड मांसविरती. हा शब्द सापडल्यावर मी इतका खूश झालो की सगळीकडे तो मूळ संस्कृत उच्चारात म्हणून पाहिला. कोणालाही कळला नाही. ज्या बाईला कळला तिने मन लावून भाज्या परतल्या आणि शेवटी बाटलीतून सोया सॉस असावं असं काहीतरी ओतलं. नाम प्ला. माशाचं पाणी. मी ‘नाम’ ऐकून भाविकपणे मान डोलावली होती. पुढे पिवळ्या फलकावरचं लाल, ‘17’सारखं दिसणारं अक्षर शोधत फिरलो. ते शुद्ध शाकाहारी ‘जे’ जेवणाचं चिन्ह, त्यात कांदा-लसूणही नसतो. बँकॉकला जाऊन चातुर्मास पाळला म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी ‘महाझोका’ बघायला गेलो. आखाजीला झोके बांधणाऱ्या मुलखातला मी, त्यामुळे हे यादीत पहिलं होतं. चौकात सागवानी लाकडाची लाल, आभाळात गेलेली कमान होती. झोका नव्हता. वाहतूक पोलिसाला "स्विंग?" म्हणून विचारलं, त्याने कमानीकडे बोट दाखवलं. "नो, नो, स्विंग!" म्हणत मी हाताने झुलून दाखवलं. त्याने पुन्हा कमान दाखवली आणि मला पदपथावर घेतलं. तिथला झोक्याचा सोहळा १९३५ मध्येच बंद झालाय. मला यायला जरा उशीर झाला.

त्याच संध्याकाळी वाट अरुणला जायची होडी. धक्क्यावरच्या बाईंना नाव दाखवून मी विचारलं, "हा?"

"हा!" त्या म्हणाल्या.

मी चढायला लागलो, तर सॅकचा पट्टा धरून मागे ओढलं. "हा! हा!" आणि पाच बोटं. थाईत हा म्हणजे पाच. तिकीट पाच बाथ.

पलीकडे राक्षस उभे आहेत दारात, एक हिरवा दशकंठ, दुसरा पांढरा सहस्रतेज. मनोऱ्याला चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जडवलेले, त्यांची फुलं केलेली. पायऱ्या मात्र हरिश्चंद्रगडाची आठवण करून देणाऱ्या. सह्याद्रीतला माणूस आहे म्हणून रुबाबात पाय उंच टाकला आणि शंभर बाथची शिवण मागच्या बाजूने फाटली. आवाजासकट. सॅक पाठीवरून कमरेखाली घेतली, पट्टे लांब केले आणि तशीच ती बिऱ्हाड-झाकणी करून उतरलो. एका थाई आजीबाईंनी समोर येऊन दोन्ही हात जोडले. त्यांना वाटलं असेल, काहीतरी व्रत आहे.

गेस्टहाऊसवर आलो, मालकीणबाई नव्हत्या. फोनवर निरोप पाठवला : विजार फाटली, सुई-दोरा मिळेल का? उलट उत्तर आलं : ५५५.

पाचशे पंचावन्न? सुई-दोऱ्याचे? मी दोनदा वाचलं. विचार केला, शिवून देणार असतील. तरी जास्त आहेत, पण भांडायची ती अवस्था नव्हती. नोटा मोजून काउंटरवर बसलो, पाय आवळून. बाई आल्या, पैसे बघितले, काही कळेना. मी फोन दाखवला. त्या आधी गप्प झाल्या आणि मग टेबलाला धरून खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी. पाच म्हणजे हा. ५५५ म्हणजे हा हा हा. माझ्या विजारीला त्या लांबून हसल्या होत्या, इतकंच. आणि मी त्या हसण्याचं बिल भरायला आलो होतो. सुई-दोरा त्यांनी फुकट दिला. टाका मात्र माझा मलाच घालावा लागला, तो विमानात उसवला.

घरी आल्यावर आईने विजार उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, कापड बरं आहे, शिवणारा कच्चा. मग दोन्ही पाय कापून तिने दळणाच्या दोन पिशव्या शिवल्या, एक ज्वारीची, एक गव्हाची. दर रविवारी हत्ती गिरणीत जातात. गिरणीवाला त्या लांबूनच ओळखतो, परवा मला म्हणाला, "तुमची पांढऱ्या हत्तीची ना? अजून दळायची आहे. बसा, चहा घेता?"

मी पटकन म्हणून गेलो, "चाय, चाय."