दोन सारख्या पट्ट्या आणि एक बिननावाचा चौकोन

चौकोनांचे गुणधर्म शिकवायचे म्हटलं की फळ्यावर एक मोठा तक्ता येतो. वर नावं, बाजूला गुणधर्म, मधल्या रकान्यांत खुणा. मुलं तो पाठ करतात, पेपरात उतरवतात, आणि तरीही ‘प्रत्येक चौरस आयत असतो का?’ असं विचारलं की वर्ग एकमेकांकडे बघू लागतो. आठवीच्या त्या तासाला मात्र वर्गात सरळ दोन तट पडले. एक मुलगा उभाच राहिला. “बाई, आयत म्हणजे एक बाजू लांब, एक आखूड. चौरस आयत कसा असेल?”

मला त्याचं म्हणणं मोडीत काढायचं नव्हतं. युक्लिडच्या व्याख्येतही काटकोन असलेला, पण चारही बाजू समान नसलेला चौकोन वेगळाच मोजला आहे. चौरस त्यात बसत नाही. आज आपण आयताची व्याख्या फक्त कोनांवरून करतो. त्याचा फायदा मोठा आहे. आयताचे कर्ण समान असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. हे त्याला सांगितलं आणि तक्ता पुसून टाकला.

मग प्रत्येक जोडीला पुठ्ठ्याच्या पट्ट्या दिल्या: दोन 10 सेंमीच्या, एक 6 सेंमीची. “पट्ट्या म्हणजे कर्ण. एकमेकींवर ठेवा, चार टोकांशी ठिपके द्या, पट्ट्या उचला आणि ठिपके जोडा.” मध्यावर मध्य ठेवला की समांतरभुज चौकोन. त्यात पट्ट्या सारख्या लांबीच्या घेतल्या की आयत, काटकोनात ठेवल्या की समभुज, दोन्ही केलं की चौरस. आयत आणि समभुज या दोघांच्या अटी एकदम पाळणारा तो चौरस, हे बाकावर दिसलं आणि मघाचा वाद आपोआप विरला.

खरी गंमत पुढे झाली. एका मुलीने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कर्ण समान आणि परस्परांना लंब, म्हणजे चौरस. बहुतेकांना ते पटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी कुणाशी न बोलता पट्ट्या सरकवत होती. तिने काटकोन कायम ठेवला, पण मध्य सोडले. एका पट्टीचे भाग 3 आणि 7 सेंमी, दुसरीचे 4 आणि 6. ठिपके जोडल्यावर जो चौकोन आला त्याची एकही बाजू दुसरीइतकी नव्हती. सगळ्यात लहान बाजू बरोबर 5 सेंमी, सगळ्यात मोठी 9.2 च्या आसपास. “बाई, कर्ण समान आहेत, लंब आहेत. पण याला काय म्हणायचं?”

याला नाव नाही. पतंगही नाही, कारण त्यात निदान एक कर्ण दुसऱ्याला दुभागायला हवा. समलंबही नाही. चौरसाचे कर्ण समान आणि लंब असतात हा चौरसाचा गुणधर्म. पण तेवढ्यावरून चौरस ओळखता येत नाही, दुभागण्याची अट लागतेच. गुणधर्म आणि कसोटी यांतला हा फरक मी दरवर्षी सांगते. तो तिच्या वहीतल्या चौकोनाइतका स्वच्छ मला कधी दाखवता आला नव्हता.

तास संपायला वेळ होता, म्हणून तिला म्हटलं, “आता चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोड.” तिने जोडले, मोजले, गुण्या लावून पाहिलं. प्रत्येक बाजू 5 सेंमी, प्रत्येक कोन काटकोन. त्या वेड्यावाकड्या आकृतीच्या पोटात चौरस बसला होता! सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती जमला.

कारण मुलांनीच शोधलं. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो. म्हणजे आतल्या चारही बाजू कुठल्या ना कुठल्या कर्णाच्या निम्म्या आणि त्याला समांतर. कर्ण कसेही असले तरी आत समांतरभुज चौकोन मिळणारच; इथे कर्ण समान म्हणून आतल्या बाजू समान, आणि कर्ण लंब म्हणून कोन काटकोन, म्हणजे चौरस. आत समांतरभुज चौकोन मिळतो हे 1731 साली प्रसिद्ध झालेलं फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांचं प्रमेय.

तेवढ्यात ‘चौरस आयत कसा?’ विचारणाऱ्या मुलाने एक पट्टी इतकी बाजूला सरकवली की पट्ट्या एकमेकींना शिवेनात. काटकोनाची दिशा तेवढी ठेवली. चौकोन एका बाजूने आत दबला, अंतर्वक्र झाला. मध्यबिंदू जोडले, तर पुन्हा 5 सेंमीचा चौरस. तो म्हणाला, “बरोबर आहे. सिद्धतेत कर्ण एकमेकांना छेदतात असं आपण कुठे वापरलं?”