येकिनीची बातमी

५ मे २०१२ च्या शनिवारी संध्याकाळी मी पाळीवर आलो, तेव्हा नायजेरियाचे फुटबॉलपटू रशिदी येकिनी यांच्या निधनाची वृत्तसंस्थेची बातमी येऊन पडलेली होती आणि आमच्या क्रीडा विभागात ती कोणी उघडलीही नव्हती. आदल्या दिवशी नायजेरियातल्या इबादानमध्ये, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते गेले होते.

मे महिन्यात मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर आयपीएल आणि जाहिराती सोडून जे उरते, त्यातच बाकीचे सगळे जग बसवावे लागते. त्यात त्या रात्री चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्यातला एफए करंडकाचा अंतिम सामना होता. डमीवर, म्हणजे पानाच्या आराखड्यावर, मला मिळाली बारा सेंटीमीटरची सिंगल कॉलम, छायाचित्रासह, आणि तीही फक्त लवकर छापून बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीपुरती.

माझ्या दृष्टीने ही बातमी मोठी होती. मी फुटबॉलवेड्या कोल्हापूरचा आहे. २१ जून १९९४ ला डॅलसमध्ये नायजेरियाने विश्वचषकातला आपला पहिलाच सामना बल्गेरियाविरुद्ध खेळला, तेव्हा आपल्याकडे २२ जूनची पहाट होती आणि आमच्या गल्लीतल्या एका घरात आम्ही दहा-बारा जण दूरदर्शनसमोर बसलो होतो. एकविसाव्या मिनिटाला फिनिदी जॉर्जने दिलेला चेंडू येकिनींनी जाळ्यात ढकलला आणि तसेच धावत जाऊन ते जाळ्याला भिडले. दोन्ही हात जाळीच्या चौकोनांतून पलीकडे गेलेले, मुठी उघडझाप करत असलेल्या, चेहरा दोरांत दाबलेला आणि तोंडाने काहीतरी म्हणणे चाललेले. नायजेरियाचा विश्वचषकातला तो पहिला गोल होता. पुढे आणखी दोन झाले आणि सामना ३-० असा जिंकला. हीच बल्गेरिया नंतर उपांत्य फेरीपर्यंत गेली.

मला मात्र त्या गोलाच्या मागचा माणूस लिहायचा होता. नायजेरियातल्या कडूनात जन्मलेला, इबादान, मग आयव्हरी कोस्टमधले आबिदजान असे करत पोर्तुगालला पोहोचलेला आणि तिथल्या सेतुबालसारख्या लहान क्लबकडून १९९३-९४ च्या हंगामात २१ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरलेला. १९९३ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू, आणि हा मान मिळवणारा पहिला नायजेरियन. १९९४ मध्ये ट्युनिशियात नायजेरियाने आफ्रिका करंडक जिंकला, तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक पाच गोल त्याचेच होते. देशासाठी एकूण ३७ गोल, त्यामुळे मायदेशी नाव पडले ‘गोल्सफादर’. आणि २००५ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, हाच माणूस पुन्हा नायजेरियाच्या लीगमध्ये उतरला होता.

हे सगळे बारा सेंटीमीटरमध्ये बसत नाही, हे मला ठाऊक होते. पण ते नेमके बसेनासे झाले जाळ्याला भिडलेल्या येकिनींच्या छायाचित्रामुळे. सिंगल कॉलमची रुंदी चार बोटांचीसुद्धा नसते. तेवढ्यात चेहरा घेतला तर हात कापले जातात आणि हात ठेवले तर चेहरा वाटाण्याएवढा होतो. पान लावणाऱ्या सहकाऱ्याने सरळ पासपोर्टसारखा चेहरा लावायचे सुचवले. मी हटून बसलो आणि छायाचित्र उभे वाढवून हात ठेवले. त्याची किंमत म्हणून मजकुरातून सेतुबाल गेले, आबिदजान गेले, २००५ चे पुनरागमनही गेले. ज्या एका क्षणाने त्या माणसाची बाकी कारकीर्द झाकून टाकली, असे मी आजही तावातावाने सांगतो, त्याच क्षणाला मी स्वतःच्या हाताने सगळी जागा देऊन बसलो.

वृत्तसंस्थेच्या बातमीतले शेवटचे दोन परिच्छेद त्यांच्या अखेरच्या दिवसांवर होते. इबादानमध्ये ते एकटे, लोकांपासून तुटून राहत होते आणि त्यांना मानसिक आजार होता, असे त्यात म्हटले होते. मुख्य उपसंपादकांनी ते वाचले आणि म्हणाले, “अरे, बातमी तर इथेच आहे. हेच मथळ्यात घे.” मी म्हणालो, “सर, ३७ गोल मथळ्यात येणार नसतील तर आजारही येणार नाही.” दूर देशातल्या खेळाडूचे मरण चमत्कारिक असले तरच त्याला जागा द्यायची, ही आमच्या धंद्यातली वाईट खोड आहे आणि त्या रात्री तिला विरोध केल्याचे मला जराही वाईट वाटत नाही.

पण मथळा वाचवल्यावर मजकुरातूनही मी ते दोन्ही परिच्छेद काढले आणि त्यांच्या जागी ‘प्रदीर्घ आजाराने’ असे लिहिले. तेव्हा मला वाटले, मी त्यांची अब्रू राखली. आता तसे म्हणवत नाही. मधुमेह असता तर मी ‘मधुमेह’ असेच लिहिले असते. इथे मी शब्द टाळला, म्हणजे त्या आजारात काहीतरी लाजिरवाणे आहे हे मलाही मान्य होते. एक साधे, सरळ वाक्य लिहिता आले असते, आणि त्याला फार तर तीन ओळी लागल्या असत्या.

डाक आवृत्तीचे पान दहाच्या आत सुटले. साडेअकरानंतर चेल्सी २-१ ने जिंकल्याचे आले, ड्रोग्बाचे मोठे छायाचित्र बसवायचे ठरले आणि शहर आवृत्तीत येकिनींची बातमी ‘थोडक्यात’ सदरात पाच ओळींची झाली. छायाचित्र गेले. त्या पाच ओळींत गोल होता, ३७ चा आकडा होता आणि ‘प्रदीर्घ आजाराने’ हे शब्दही होते.

डाक आवृत्तीचे कात्रण माझ्या खणात आहे. छापताना जाळीचे दोर शाईत मिसळून गेले आहेत, त्यामुळे ते दोन हात कशातून बाहेर आले आहेत, हे माहीत नसलेल्याला कळत नाही.