सोळा महिन्यांनी

आज सकाळी पाळी आली. लेक 7 महिन्यांची आहे. गरोदरपणाचे 9 धरले तर सोळा महिन्यांनी. कपाटात पॅड शोधताना चिडचिड झाली, मग बोटांवर हिशेब मांडत बसले.

तीन आठवड्यांपूर्वी ती रात्री सलग झोपायला लागली. वरचं खाणंही तेव्हाच जरा अंगवळणी पडलं. मला वाटलं होतं, यात फक्त माझ्या झोपेचा फायदा आहे. माझ्या मेंदूतही काहीतरी मोकळं होत होतं, हे ध्यानात आलं नाही.

इतके दिवस माझा समज होता की दूध तयार होत असतं म्हणून पाळी थांबते. खरी गोष्ट दुधापेक्षा चोखण्याची आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच नावाचं संप्रेरक एकसारखं वाहत नाही, ते ठोक्याठोक्याने सुटतं. ठोके नेमाने पडले की मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून एलएच हे दुसरं संप्रेरक सुटतं आणि बीजांड पक्व होऊन बाहेर पडतं. बाळ चोखतं तेव्हा स्तनाग्रातल्या नसांमधून निरोप पाठीच्या कण्यावाटे वर पोहोचतो, आणि हे ठोके विरळ होतात. ठोक्यांना चालना देणारं किसपेप्टिन नावाचं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशीही गप्प बसतात. त्याच वेळी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम सैल होऊन प्रोलॅक्टिन हे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक वाढतं. अंडाशयात बीजकोश, म्हणजे बीजांड वाढवणाऱ्या पिशव्या, वाढायला लागतात, पण अर्ध्यावरच थांबतात, त्यामुळे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही कमीच राहतं. योनीचा तो कोरडेपणा त्यातूनच आलेला. महिनोन्‌महिने मी तो माझ्या मनाचा दोष समजत होते. बाळंतिणीला हे एका वाक्यात सांगायला कुणाला काय कष्ट पडले असते?

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग स्त्रियांबद्दल मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन या संशोधकांनी 1980 मध्ये लिहिलं होतं. तिथली बाळं दिवसा तासाला साधारण 4 वेळा प्यायची, एका वेळी जेमतेम दोन मिनिटं. दोन मुलांमधलं अंतर साडेतीन वर्षांहून जास्त, तेही कुठलंही साधन न वापरता. तासाला चार वेळा! मी दोन-दोन तासांनी पाजत होते तरी हात भरून यायचे.

पण नुसते वेळा मोजून भागत नाही. अर्जेंटिनातल्या टोबा या आदिवासी समाजातल्या स्त्रियाही बाळाला मागेल तेव्हा पाजतात, रात्रीसुद्धा, तरी त्यांची पाळी कुंग स्त्रियांपेक्षा बरीच लवकर परतते. क्लॉडिया व्हॅलेजिया आणि पीटर एलिसन या संशोधकांनी त्याचं कारण आईच्या अंगातल्या शिलकीत शोधलं. आईचं पोट नीट भरत असेल, दूध पाजूनही ताकद उरत असेल, तर शरीर लवकर पुढच्या तयारीला लागतं. माझं वजन गेल्या महिन्यात वाढलंय. म्हणजे चोखणं कमी होणं आणि अंगातली शिल्लक वाढणं, दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

बाकीच्या सस्तन माद्यांचं वाचत गेले तर प्रत्येकीची तऱ्हा निराळी. उंदरीण विल्यावर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते, पण पिल्लं पीत असली तर नवे गर्भ गर्भाशयात रुजायचे थांबतात. टॅमर वॉलबी या छोट्या कांगारूच्या पोटात तर शंभरेक पेशींचा गर्भ महिनोन्‌महिने तसाच थबकून असतो, पिशवीतलं पिल्लू पीत असतं तोवर. डुकरिणीच्या पिल्लांचं दूध तोडलं की आठवड्याभरात ती माजावर येते.

सगळ्यात जास्त वेळ मी गाईपाशी रेंगाळले. वासराला पाजणारी गाय उशिरा माजावर येते, नुसती धार काढली जाते ती लवकर. यात नवल नाही. पण कासेच्या नसा तोडून पाहिल्या, तरी स्वतःचं वासरू लुचत असताना गाईचा माज लांबलेलाच राहिला. उलट परकं वासरू, जे तिने आपलं मानलेलं नाही, ते लुचलं तर माज लांबत नाही. म्हणजे गाईच्या बाबतीत निरोप फक्त कासेतून जात नाही, तिने वासराला ओळखलेलं असावं लागतं. हे वाचून मी लेकीच्या टाळूचा वास घेतला. बाईच्या बाबतीतही असंच असतं असं यातून सिद्ध होत नाही, हे मला कळतं.

आई फोनवर म्हणाली, "अंगावर पाजतेस तोवर काळजी नसते गं." असते. 1988 मध्ये इटलीतल्या बेलाजिओला तज्ज्ञांनी ठरवलं, की तीन अटी एकाच वेळी पाळल्या तर गर्भ न राहण्याची खात्री 98 टक्क्यांहून जास्त: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच. माझी पहिली अट महिन्यापूर्वीच मोडली, वरचं खाणं सुरू झाल्यावर तिसरीही, आज दुसरी. शिवाय बीजांड पाळीच्या आधी सुटतं. म्हणजे पंधरवड्यापूर्वी, मी निर्धास्त असताना, ते कदाचित सुटलंही असेल.

उद्या डॉक्टरांना विचारायचं: पाजत असताना चालणारं साधन कोणतं. इथे लिहून ठेवलं म्हणजे विसरणार नाही. लेक कुरकुरतेय, आज मध्येच उठली.